अण्णांची एकुलती एक मेडिकल रजा

सुनंदावहिनींचा फोन आला तेव्हा सकाळचे दहा वाजले असतील. एका उसाच्या फडाची आग विझवून आम्ही नुकतेच परतलो होतो आणि अग्निशामक ठाण्याच्या आवारात ओले पाइप पसरत होतो. "भावजी, ह्यास्नी दवाखान्यात न्हेलंय... तुमी लगीच या," एवढंच त्या म्हणाल्या. आवाज इतका सपाट होता की काय ते मला कळलं. भूपालअण्णा अंघोळ करून ड्युटीवर यायला निघाले होते. चप्पल घालायला म्हणून उंबऱ्यावर बसले, ते उठलेच नाहीत. जैनांचं घर, त्यामुळे सूर्य मावळायच्या आत सगळं उरकलं. संध्याकाळी ठाण्यात आलो तर पाइप आवारात तसेच पडलेले. ते गुंडाळून जागेवर ठेवले आणि मग मात्र मला रडू आवरेना. याला आता दीड महिना झाला.

मी कडोलीचा. निपाणीच्या अग्निशामक ठाण्यात रुजू झालो त्या दिवशी अण्णांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, "पवाय येतंय काय रं?" येतं म्हटल्यावर म्हणाले, "मग हिरीत तू. वर दोराला मी." ही वाटणी पुढे अकरा वर्षं टिकली. आमच्या भागात विहिरीत कधी म्हैस पडते, कधी माणूस. मी खाली उतरायचो आणि माझ्या दोराला पहिला हात अण्णांचा असायचा. तंबाखूच्या वखारीला आग लागली की सगळ्यांत पुढे तेच. उभ्या जन्मात विडीला शिवले नाहीत, पण "गावात माझ्यायवढी तंबाखू कुणी वडली नसंल," असं तेच हसत सांगायचे. दिवस मावळल्यावर जेवायचं नाही हा त्यांचा नेम होता. डबा उघडायला आणि भोंगा वाजायला एकच गाठ पडली की अण्णांना दुसऱ्या दिवसापर्यंत उपास. त्यावरून आम्ही त्यांची टर उडवायचो आणि ते आम्हाला खादाड म्हणायचे.

मग त्यांची कंबर धरायला लागली. खाकीच्या आत ते जुन्या धोतराची पट्टी घट्ट गुंडाळून यायचे. आम्हाला ती दिसायची आणि आम्ही दिसत नाही असं दाखवायचो. इथेच आमचं चुकलं. आगीच्या कामात सोबत्याला मागे टाकायचं नाही, हे अंगात इतकं मुरलेलं असतं की आम्ही न बोलता त्यांचं ओझं वाटून घेतलं. शिडीचं जड टोक दुसराच कोणी आधी उचलायचा. भरलेला पाइप ओढताना त्यांच्या मागे दोघं लागायचे. कोणी कोणाला सांगितलं नव्हतं, पण वर्षभर हे चाललं. आम्हाला वाटायचं आपण अण्णांना सांभाळतोय. खरं तर आम्ही त्यांना डॉक्टरपासून लांब ठेवत होतो.

एका गावात विहिरीत म्हैस पडली. मी उतरून तिला पट्टा बांधला, ती वर गेली. मग मला ओढत असताना अण्णांच्या पाठीत कळ आली आणि हात सुटला. पुढच्याचा हात सुटल्यावर मागचे सावरेपर्यंत मी पुरुषभर खाली आलो, कपारीवर आदळलो आणि उजवं मनगट मोडलं. म्हैस सुखरूप होती, हेही सांगायला हवं. दोर ओला असल्यामुळे निसटला, असं रिपोर्टात लिहिलं गेलं. खाली सगळ्यांनी सह्या केल्या. मीही केली, डाव्या हाताने.

मनगटाचं मला फारसं काही वाटलं नाही. पण घरी पडून असताना मनात आलं, पुन्हा विहिरीत उतरायची वेळ आली आणि दोराला अण्णा असले, तर मी उतरेन का? उत्तर 'नाही' असं आलं. ज्या माणसाच्या भरवशावर अकरा वर्षं उतरलो, त्याच्याबद्दल असं वाटावं याची लाज वाटली. चार दिवस गप्प राहिलो. पाचव्या दिवशी जाऊन साहेबांना खरं काय ते सांगितलं. तपासणीत मणक्याची गादी सरकल्याचं निघालं. डॉक्टरांनी तीन महिने अंथरूण सांगितलं. नोकरीतली अण्णांची पहिली आणि शेवटची मेडिकल रजा सुरू झाली, ती माझ्यामुळे. ठाण्यातून निघताना त्यांनी माझ्याकडे न बघता म्हटलं, "तुला हिरीतनं इतक्यांदा वर काडलं... आनि तू मला खाली ढकाललास व्हय रं."

मी दर रविवारी त्यांच्या घरी जायचो. अण्णा खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडलेले. माझ्याशी बोलायचं नाही असं त्यांनी ठरवलं होतं, पण ठाण्याची खबर तर हवी असायची. म्हणून सगळं बोलणं वहिनींमार्फत. "त्येला इचार, पंपाचं गळायचं थांबलं काय." मी तीन हातांवर बसलेलो. वहिनी म्हणायच्या, "भावजी, थांबलं काय?" मी म्हणायचो, "थांबलं म्हणून सांगा." असं दोन महिने. एकदा वहिनी वैतागून म्हणाल्या, "मला भाकऱ्या थापायच्यात. तुमचं तुमी बोला, न्हायतर गप बसा!" आम्ही दोघं गप बसलो. निघताना वहिनींनी मला आत बोलावलं आणि पिठाच्या डब्यामागे लपवलेले अण्णांचे गमबूट दाखवले. भोंगा ऐकू आला की ते उठून बूट शोधायचे म्हणे.

रजा संपली तेव्हा डॉक्टरांनी फक्त बैठं काम लिहून दिलं होतं. अण्णांनी ते कागद घरीच ठेवले आणि कोणा ओळखीच्या डॉक्टराकडून 'फिट' असं सर्टिफिकेट आणलं. आमच्या ठाण्यात एक जुनी रीत आहे. लांबच्या रजेवरून आलेल्याने पहिल्या सकाळी एका सोबत्याला खांद्यावर घेऊन आवाराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायचं. अण्णांनी बोट केलं ते माझ्याकडे. तीन महिन्यांत पहिल्यांदा ते थेट माझ्याशी बोलले, "ये." त्यांनी मला उचललं. सगळे टाळ्या वाजवायला तयार होते. आठ-दहा पावलांवर त्यांची पाठ माझ्या पोटाखाली थरथरायला लागली. ते फक्त मला कळत होतं. मी दात आवळून गप्प राहिलो, कारण दुसऱ्यांदा सांगायची माझ्यात ताकद नव्हती. अण्णा थांबले. मला हळूच खाली ठेवलं, श्वास घेतला आणि म्हणाले, "तू जड न्हाईस. माझंच काय खरं न्हाय." मग खिशातलं सर्टिफिकेट काढून फाडलं, साहेबांच्या खोलीत गेले आणि फोनवरची ड्युटी मागून घेतली.

ती त्यांनी सहा वर्षं केली. कोणत्या गावचा रस्ता गाडीला अरुंद पडतो, कोणत्या वस्तीत पाणी कुठे मिळेल, सगळं तोंडपाठ. समोरचा कानडीत ओरडला तर कानडीत, मराठीत ओरडला तर मराठीत. पत्ता लिहून झाला की शेवटी विचारायचे, "आनि तुमी सोता बरं हाय न्हवं?" या प्रश्नाला कितीतरी लोक फोनवरच रडायचे. काहींना तर तेव्हाच कळायचं की आपलाही हात भाजलाय. एकदा दुपारी डबा खाताना मी धीर करून विचारलं, अण्णा, राग गेला का? म्हणाले, "तू सांगितलंस म्हनून राग न्हवता रं. मी सांगायच्या आदी सांगितलंस, त्येचा हुता." मी विचारलं, तुम्ही सांगितलं असतं काय? त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला, चावला... आणि म्हणाले, "न्हाय." मग दोघांनाही हसू फुटलं.

आता फोनवर कल्लाप्पा असतो. तो आमच्याच गाडीवरचा, अण्णांच्या हाताखाली हे काम शिकला. पत्ता घेऊन झाला की तोही तेच विचारतो. इकडे माझा उजवा खांदा तीन महिन्यांपासून वर जात नाही. डॉक्टर म्हणाले विश्रांती, नाहीतर ऑपरेशन. मी ठाण्यात कोणाला बोललो नाही, पण गेल्या महिन्यात लक्षात आलं की शिडीचं जड टोक माझ्या वाट्याला येईनासं झालंय. गेल्या आठवड्यात भोंगा झाला. मी डाव्या हाताने खुंटीवरचं हेल्मेट काढायला लागलो तेव्हा कल्लाप्पा फोन ठेवत होता. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि अगदी अण्णांच्या चालीत विचारलं, "आनि तुमी सोता बरं हाय न्हवं?"

बरं हाय, असं तोंडाशी आलं होतं. मी "न्हाय" म्हटलं आणि त्याच्याशेजारच्या खुर्चीत, खिडकीपाशी बसलो. गाडी माझ्याशिवाय फाटकाबाहेर पडली. इतक्या वर्षांत ती जाताना मागून मी पहिल्यांदाच बघत होतो. अण्णा सहा वर्षं याच खिडकीतून तिला जाताना बघत आले होते.