पावल्या

सिनेमात नायक जिना उतरतो तेव्हा ऐकू येणारी पावलं बहुतेक वेळा त्याची नसतात. ती नंतर एका बंद खोलीत, पडद्याकडे बघत, दुसराच कुणीतरी वाजवतो. हे काम एकतीस वर्षं करणाऱ्या एका माणसाला सगळे पावल्या म्हणत. त्याच्या खोलीत लाकडी फळ्या, फरशा, ओल्या वाळूचा ट्रे आणि चाळीसेक जोडी जुने बूट-चपला. नायिकेची सँडल पायात जायची नाही, म्हणून तो ती हातात घालून वाजवायचा.

हे काम त्याला शिकवलं ते एका नामवंत दिग्दर्शकाने. एका म्हाताऱ्याच्या चार पावलांसाठी साहेब दोन दिवस त्या खोलीत ठाण मांडून बसले होते. "थकवा गुडघ्यात असतो, तळव्यात नाही," असं ते म्हणाले होते. पावल्या ते कधी विसरला नाही.

पुढे साहेबांचे सिनेमे थांबले. नऊ वर्षांत एकही नाही. दरम्यान एक अवाढव्य युद्धपट आला, लोकांनी डोक्यावर घेतला. त्यातल्या सैन्यापासून अनवाणी मुलीपर्यंत सगळी पावलं पावल्याची होती. बायकोने तो बहिणीला घेऊन तीनदा पाहिला.

मग साहेबांचा सत्कार ठरला. त्यांनी स्वतः फोन करून पावल्याला बोलावलं, बायकोसकट पहिल्या रांगेत बसवलं. भाषणात ते त्याच युद्धपटावर घसरले. नुसता गोंगाट, म्हणाले; माणसाचं एक पाऊल खरं वाटेल तर शपथ. मग त्यांनी पावल्याकडे बोट दाखवलं.

"हा माझा पावल्या. उपाशी राहील, पण असल्या सिनेमाला हात लावणार नाही. ऊठ रे."

पावल्या उठला. टाळ्यांचा कडकडाट झाला. "सांगा ना," बायको खालून कुजबुजली. त्याचे ओठ हलले, पण भर सभेत गुरूला खोटं कसं पाडायचं? तो खाली बसला.

दुसऱ्या दिवशी पेपरात साहेबांच्या त्या वाक्यासकट त्याचा उभा राहिलेला फोटो आला. दुपारी युद्धपटाच्या ध्वनिप्रमुख बाईंचा फोन आला. आवाज चढवला नाही त्यांनी. आमचं काम हलकं वाटत होतं तर आधी सांगायचं होतं, एवढंच म्हणाल्या.

"मॅडम, मी एक शब्द बोललो नाही."

"तेच तर," त्या म्हणाल्या. युद्धपटाच्या दुसऱ्या भागाचं काम त्यांनी वेगळ्याच कुणाला दिलं होतं.

पावल्या साहेबांच्या घरी गेला. साहेब खुशीत होते, कात्रणं चिकटवत होते. बराच वेळ पाण्याचा ग्लास हातात फिरवून पावल्याने एकदाचं सांगून टाकलं, की त्या सिनेमातली पावलं माझीच होती.

साहेबांनी डिंकाची बाटली खाली ठेवली. रागावले नाहीत. उठून त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"पोटासाठी करावं लागतं रे. मी कुणाला सांगणार नाही."

"पण साहेब, तुम्ही एकदा बघा तरी. ती मुलगी राखेतून चालते तिथे—"

"बघायचं काय त्यात? पोस्टरवरूनच कळतं." मग ते आपल्या नव्या सिनेमाबद्दल बोलू लागले. त्यात पावलंच पावलं आहेत, तयारीत राहा, म्हणाले. पटकथेचं पहिलं पान अजून व्हायचं होतं. पावल्या तासभर माना डोलवत बसला.

तो सिनेमा झालाच नाही. साहेबांनी गुपित मात्र इमानाने पाळलं, आणि दर सभेत पावल्याच्या निष्ठेची गोष्ट सांगत राहिले. ती जितकी पसरली तितकी मोठ्या लोकांची कामं आटली. आता तो जाहिरातींतल्या आवाजांसाठी दारं वाजवतो, डब्यांची झाकणं उघडतो.

युद्धपटाचा दुसरा भाग लागला. या वेळी बायको एकटीच जाऊन आली. ती चप्पल काढते न काढते तोच त्याने विचारलं, "पावलं कशी होती?"

तिने पर्स खुंटीला अडकवली.

"चांगली होती हो," ती म्हणाली, आणि त्याच्याकडे न बघता आत गेली.