डोंगर मोजताना मोजलेल्या साड्या

पाटोद्याकडच्या आमच्या डोंगरावर गावानं काही वर्षांमागं चराईबंदी केली आणि आम्ही बायकांनी तिथं झाडं लावली. यंदा शेळ्यावाले म्हणायला लागले, "झाडं कुठं वाढलीत? डोंगर मोकळा करा." ग्रामसभेत ठरणार होतं, माझा जीव खाली-वर.

कॉलेजातली नात म्हणाली, "आजी, दरसाल श्रावणी सोमवारी देवळापाशी काढलेले तुम्हा बायकांचे फोटो दे. मागं डोंगर दिसतो. त्यातलं हिरवं कॉम्प्युटर मोजील."

मोजलं, तर हिरवं लई वाढलेलं. मी खूश. तेवढ्यात धाकटी जाऊ म्हणाली, "अगं पोरी, आता आमी समद्या हिरव्या साड्या नेसतो. तुझं यंत्र साड्याच मोजत आसंल."

नात हसली, मी मात्र फोटोंतल्या हिरव्या साड्या मोजायला लागले. सगळं रान आमच्या पदराचंच निघालं तर?

नातीनं आम्हाला फोटोंतून कापून काढलं न् पुन्हा मोजलं. हिरवं कमी भरलं खरं, पण दरसाल थोडं थोडं वाढतच होतं.

ग्रामसभेत तेच कापलेले फोटो भिंतीवर दाखवले. शेळ्यावाल्यांतला एक म्हातारा उठून भिंतीजवळ गेला. "वहिनी, तुमच्याबिगर डोंगर बरा दिसतो की," म्हणाला, आणि बंदी ठेवायला त्यानंच आधी हात वर केला.