जात्यावरून पुण्याला गेलेली चाल

धुळ्याच्या स्टेशनावर चाळीसगावची गाडी उभी होती आणि नाना, म्हणजे माझे वडील, माझ्या पत्र्याच्या पेटीवर बसून सूचना देत होते. ते मिशनच्या शाळेत शिक्षक, त्यामुळे सूचनांना अंत नव्हता. पाणी उकळून पी, रविवारची उपासना चुकवू नकोस, डोक्याला तेल लाव. गाडी हलली तेव्हा मात्र त्यांनी एकच वाक्य निवडलं, "तुझं कौतुक करतील त्यांच्याकडे फार जेवू नकोस." आई मागे उभी होती. पुण्यात एका धार्मिक छापखान्यात मुद्रितं तपासायची नोकरी मिळाली होती, आणि मला भीती होती ती फक्त गाडीत उलटी होण्याची. पुढच्या भीतींच्या मानाने ती फार प्रामाणिक होती.

पुण्यात पहिल्याच आठवड्यात माझ्या तोंडून 'आहे'च्या जागी आमचं अहिराणी 'शे' निघालं आणि मेसमधलं सगळं टेबल हसलं. दुसऱ्या आठवड्यापासून मी ते गिळायला शिकलो. तिथल्या चर्चमध्ये गाणी बूट घालून चालल्यासारखी चालत. तरुणांच्या मंडळात मात्र गिटार होती. एकदा त्यांनी तुमच्याकडचं काहीतरी म्हणा असा आग्रह धरला. नाना शाळेत गेले की आई जात्यावर एक चाल गुणगुणायची. ती मला आठवली. तिच्यावर मी ख्रिस्ताच्या पुनरुत्थानाचे शब्द बसवले. गिटारवाल्याला जलदच वाजवता यायचं, म्हणून लयही वाढवली. प्रत्येक ओळीनंतर त्या चालीत थोडी जागा रिकामी राहायची. तिथे लोकांनी आपणहून टाळ्या भरल्या.

पुढचं सगळं त्या मंडळाचे प्रमुख बर्णबाकाका यांनी केलं. हा गृहस्थ नातवाच्या वाढदिवसालाही स्वागत समिती नेमणारा. दोन वर्षांत मी 'खानदेशचे सुवार्तागायक' झालो. पोस्टरवर रंगाऱ्याने मला फेटा बांधला होता. तो मी आयुष्यात कधी बांधला नव्हता. अध्यक्षांच्या खुर्चीची मखमल, माइक टेस्टिंग, हारांचं वजन, या सगळ्याची मी मनातल्या मनात टिंगल करायचो. आणि पोस्टर नीट लागलंय का ते बघायला सभेच्या तासभर आधी पोचायचो. मग रेकॉर्ड निघाली.

अमळनेरच्या सभेनंतर एक म्हातारी जवळ आली. तिने माझा हात धरला आणि अगदी मायेने विचारलं, "भाऊ, हाई गानं कोठे शिकना तू? आम्ही ते मयतमा म्हनतस."

आमच्याकडे खेड्यातल्या बाया प्रेताभोवती बसून चालीत रडतात. मिशनच्या कंपाउंडमध्ये त्याला बंदी होती. ज्यांना पुनरुत्थानाची खात्री आहे त्यांनी गाऊन रडू नये, असं पाळकांचं मत होतं आणि नानांचंही. मी चार वर्षांचा असताना माझी बहीण शांता तापाने गेली. आईला रडायची परवानगी मिळाली, पण बेताने. म्हणून तिने ते गाणं जात्यावर नेलं. तिथे ते कामाचं गाणं म्हणून खपलं. माझ्याकडे तर ते आनंदाचं म्हणून खपलं, टाळ्यांसकट.

त्या दिवसापासून आईच्या कानावर ते गाणं पडेल या भीतीत मी राहू लागलो. धुळ्याकडची आमंत्रणं टाळायला कधी बसलेला घसा पुढे केला, कधी न मिळालेली रजा. नानांचं पत्र आलं की पाकीट दिवसभर न फोडता ठेवायचो. एकदा त्यांनी लिहिलं, "शेजारच्या ट्रान्झिस्टरवर तुझं गाणं लागलं होतं. तुझी आई तेव्हा विहिरीवर होती." विहीर घरापासून किती पावलांवर आहे, ते मी छापखान्यात बसून मोजत राहिलो.

शेवटी धुळ्याच्या मंडळीचंच, म्हणजे आमच्या चर्चचंच, आमंत्रण आलं. स्वागत समितीत नाना. नाही म्हणणं शक्य नव्हतं. ते गाणं वगळायचं मी ठरवलं होतं, पण बर्णबाकाकांनी परस्पर माइकवरून ते जाहीर करून टाकलं. बायकांच्या बाजूला, दुसऱ्या ओळीत आई. मी गायलो. ओळ संपली की सगळा मांडव टाळ्या वाजवायचा. आईचे हात मांडीवर होते आणि नजर सतरंजीवर.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती शेंगा सोलत बसली होती. मी म्हणालो, "आई, मला माहीत नव्हतं."

"माले माहीत शे," ती म्हणाली. सोललेले दाणे सुपात टाकले. मग म्हणाली, "जठे थांबानं शे, तठे तू पयी गया."

पळून न जाता तिथे थांबून काय करायचं, मी विचारलं.

"तठे नाव लेतस."

आणि भर दुपारी, खिडकी उघडी असताना, जातं न ओढता तिने ते म्हटलं. ओळ संपली. ती थांबली. "शांता," म्हणाली, आणि पुढची ओळ घेतली. बाहेरच्या खोलीत नाना वह्या तपासत होते. त्यांचा टाक थांबल्याचं मला ऐकू आलं. ते उठून आले नाहीत.

मी ते गाणं आता संथ म्हणतो आणि ती जागा रिकामी सोडतो. बर्णबाकाकांना वाटलं, मी शब्द विसरतो. आमंत्रणं कमी झाली.

तुम्ही धुळ्यात मागे राहिलेले विचारता, घर विसरलास का. आणि माझ्यासारखे निघून गेलेले विचारतात, आता आपलं घर नेमकं कुठे. नाना गेले, मग आई. कंपाउंडातल्या आमच्या खोल्यांत दुसरं कुटुंब राहतं. माझं घर आता चार मात्रांचं आहे, ओळ संपल्यापासून पुढची सुरू होईपर्यंत. त्यात शांतापासून आईपर्यंत तीन नावं घाईघाईने मावतात. आणि दर वेळी तिसऱ्या नावाशी पोचताना मी लोकांच्या हातांकडे बघतो, की एवढ्यात कुणीतरी टाळी वाजवील.