धुऱ्यानं टोरांटो

मला लिहिण्याचा सराव नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मीच पहिला, तेव्हा काही चुकलं तर सांभाळून घ्यावं. पण अमरावती-अकोला एसटीत भेटलेल्या त्या काकांबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही.

बडनेऱ्याला ते माझ्या शेजारी येऊन बसले. चिमणीचं पिल्लू धरावं तसा त्यांनी मोबाइल धरला होता आणि तो वाजला नसतानाही मधूनच कानाला लावून पाहत होते. त्यांची बायको लेकीच्या बाळंतपणासाठी एकटीच टोरांटोला निघाली होती. पहिलाच विमानप्रवास, आणि उतरल्याचा फोन अजून आला नव्हता.

"मुंबईहून किती लांब हाये रे बाबू?" त्यांनी विचारलं.

मी मोबाइलवर पाहून सांगितलं, "विमानतळ ते विमानतळ साडेबारा हजार किलोमीटर."

"हे सडकेनं का धुऱ्यानं?"

मी क्षणभर गोंधळलो. मग कळलं. सडक वळसे घेत जाते, पण वावराच्या बांधावरून, म्हणजे धुऱ्यानं, माणूस सरळ निघतो.

"धुऱ्यानंच, काका."

त्यांचा चेहरा खुलला. "मंग काई भेव नाही. आमच्या बुढीले धुऱ्यानं चालाची सवय हाये. मीच मांगं राह्यतो."

मला हसू आवरेना. तेवढं अंतर मलाही एकदम वावराएवढं वाटू लागलं.

मूर्तिजापूर सोडलं आणि फोन वाजला. काका उभेच राहिले. "पोचली का वं?" ते इतक्या जोरात ओरडले की कंडक्टरनेही वळून पाहिलं.

पलीकडून काकूंचा आवाज साऱ्या गाडीला ऐकू आला, "पोचली जी! पोरगी समोरच उभी हाये. काहून ओरडून राहिले तुमी?"