बदली रद्द झाल्याची बर्फी

माझी बदली रद्द झाली तेव्हा आमच्या नंदनवन वस्तीत एकच माणूस ढसाढसा रडलं, आणि ती माझी बायको होती.

गडचिरोलीची ऑर्डर आली तेव्हा मात्र मंदानं डोळ्यातून टिपूस काढलं नव्हतं. उलट कंबर कसून माझं सामान बांधलं. लोणचं, पापड, छत्री, अगदी स्वेटरसुद्धा (मे महिना होता!). बसस्टँडवर म्हणाली, "वारंवार येऊ नका. उन्हातला प्रवास बाधते तुमाले." किती ती काळजी! शेजारच्या सीटवरच्या अनोळखी माणसालाही मी हे दोनदा सांगितलं.

पण तिथं माझं मन लागेना. साहेबांच्या हातापाया पडून आठवड्याभरात बदली रद्द करून घेतली. मंदाला कळवलं नाही. म्हटलं, चकित करू. संत्रा बर्फीचा डबा घेऊन गल्लीच्या तोंडाशी उतरलो, तर समोरून माझीच स्कूटी येत होती. चालवत होती मंदा! पदर खोचलेला, मागे शेजारच्या राऊतकाकू, आणि दोघी खो-खो हसत होत्या. मंदा इतकी हसू शकते, हे मला लग्नानंतर प्रथमच कळत होतं.

मी आनंदानं हात हलवला. तिनं मला पाहिलं मात्र, स्कूटी सरळ राऊतांच्या फाटकावर! काकू तुळशीच्या कुंडीपाशी, मंदा रस्त्यावर, आणि मी बर्फीसकट धावतोय.

"लागलं काय वं?"

"तुमी... तुमी काहून आले?"

"अवं, बदली रद्द झाली! आता इथूनच रिटायर होतो मी!"

बस्स! मंदानं हंबरडाच फोडला. गुडघा जेमतेम खरचटला होता, पण रडणं काही थांबेना.

"पाहा भाऊ," काकू साडी झटकत गहिवरल्या, "नवरा आला म्हणून कशी रडून राहिली! असं प्रेम आजकाल पाहाले भेटत नाही."

सगळी गल्ली जमली. मी छाती फुगवून बर्फी वाटली.

घरात गेलो, तर कूलरसमोर मंदाची गादी! इतकी वर्षं त्याचं तोंड माझ्या दिवाणाकडे असायचं. तिनं गादी उचलली, कूलर माझ्याकडे वळवला आणि स्कूटीची किल्ली माझ्या हातावर ठेवली.

"उद्या धरमपेठेत ताईकडे एकटी जाणार होती मी."

"एकटी कशाले? मी आहो ना! मी नेतो न तुले!" मी मोठ्या मनानं म्हणालो. (अजून नेलेलं नाही.)

ते रडणं आनंदाचं नव्हतं, हे माझ्या डोक्यात शिरायला दोन उन्हाळे गेले. शिरलं तेव्हा फार लाज वाटली. किल्ली दारामागच्या खिळ्याला टांगली आणि म्हटलं, "मंदे, जा नं ताईकडे. तुह्या मनानं जा."

"राहू द्या," ती म्हणाली, "तुमच्या चहाची वेळ होते."

किल्ली अजून खिळ्यालाच आहे. त्या किल्लीकडे पाहिलं की मला वाईट वाटतं.

शेवटी गेल्या आठवड्यात साहेबांसमोर उभा राहिलो. "साहेब, मले परत गडचिरोलीले पाठवा."

साहेब हसत सुटले. "पागल झाले काय गा? मागच्या वेळी परत आले तं बायको आनंदानं किती रडली तुमची! साऱ्या ऑफिसले माहीत आहे."

कोणी सांगितलं असेल ऑफिसला? मीच! उरलेली बर्फी ऑफिसात वाटता वाटता!