सव्वा तासावर तुटलेला सौदा

माझ्या सख्ख्या मेव्हण्याने मला फसवलं. बोईसरच्या माझ्या वर्कशॉपसाठी जुनं लेथ मशीन बघायला मला पहाटेच्या विमानाने कोइम्बतूरला जायचं होतं. मेव्हणा नेहमी विमानाने फिरतो, म्हणून त्यालाच विचारलं, विमानतळावर किती आधी पोचायचं?

“दाजी, दोन तास आधी.”

“एवढं कशाला? एक तास बोल.”

“नाय जमणार. तुमाला बॅग द्यायची हाय ना?”

“म्हणूनच एक म्हणतोय, नाहीतर अर्धाच म्हटला असता.”

“तुमी पण ना, दाजी! बरं, सव्वा तास. आता झोपू द्या.”

मी सव्वा तास धरून निघालो. मनोरच्या पुढे हायवेवर ट्रक अडकले होते. पोचलो तेव्हा बॅगा घेणं बंद झालं होतं. काउंटरवरच्या बाईशी मी बरीच घासाघीस केली, पण ती एक मिनिटही खाली उतरली नाही. विमान गेलं आणि मशीन दुसऱ्याने उचललं.

तसंच मशीन मी मिळवणारच, आणि तेव्हा तीन तास आधी जाऊन बसणार. पण मेव्हण्याने मला उत्तर द्यावं. दोन तास हाच खरा भाव होता, तर तो खाली उतरलाच कशाला?