माहेरच्या नावाचा रकाना

आईचं माहेरचं नाव मला माहीत नाही, हे मला वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी कळलं. तेसुद्धा सुनेनं विचारलं म्हणून.

विमा कंपनीच्या नोकरीत बदली होऊन मी जयपूरला आलो आणि इथलाच झालो. मूळचे आम्ही नगर जिल्ह्यातले. जवाहर नगरमध्ये घर घेतलं, मुलगा इथेच वाढला. सूनही इथल्याच एका मराठी बँक अधिकाऱ्याची मुलगी. तिचं मराठी अडखळतं, पण हौस दांडगी. गेल्या हिवाळ्यात तिनं कॉम्प्युटरवर आमची वंशावळ भरायला घेतली. एकेका माणसाचा एकेक चौकोन, त्यात नाव, गाव, जन्म, मृत्यू. दुपारी आम्ही गच्चीवर उन्हात बसायचो. बायको शेजारी मटार सोलत असायची. सून विचारायची, मी सांगायचो. वडिलांकडचे पाच पिढ्यांचे पुरुष मी घडाघडा सांगितले आणि स्वतःवरच खूश झालो.

"बाबा, आता आजी. मतलब, तुमची आई. इथे लग्नाच्या पहिलेचं नाव विचारतात."

मी आडनाव सांगितलं.

"आडनाव नाही, नाव. लग्नात बदललं असेल ना?"

बदललं होतंच. आमच्यात नवरा ताटातल्या तांदळांत अंगठीनं बायकोचं नवं नाव लिहितो आणि त्या दिवसापासून जुनं नाव माहेरीच राहतं. वडिलांनी लिहिलेलं नाव रेशनकार्डावर होतं, पासबुकावर होतं, तिच्या मृत्यूच्या दाखल्यावर होतं. पण त्याच्या आधीचं? मी बायकोकडे पाहिलं.

"मला नाही माहीत," ती म्हणाली. "सासूबाईंना मी कधी विचारलंच नाही."

जळगावला मामेभावाला फोन लावला. मामा-मामी जाऊन बरीच वर्षं झाली होती. तो म्हणाला, "आम्ही आत्याच म्हणायचो रे. बाबा तिला अक्का म्हणायचे. आजी गेल्यावर तिला नावानं हाक मारणारं कोणी उरलंच नव्हतं." आई चौथीपर्यंत शिकली होती, म्हणून तो बिचारा तिच्या शाळेतही जाऊन आला. इतकी जुनी रजिस्टरं तिथे नव्हती.

हे सांगणारा त्याचा फोन ठेवला आणि मला भाजीवाली आठवली.

वडील गेल्यावर आई आमच्याकडे राहायला आली. हिंदी तिला जमत नव्हतं, तरी गल्लीत हातगाडी घेऊन येणाऱ्या एका भाजीवालीशी तिची गट्टी जमली. फाटकाशी दोघी अर्धा अर्धा तास उभ्या असायच्या. ही मराठीत बोलायची, ती तिच्या बोलीत. एकदा ताप होता म्हणून मी रजा घेऊन घरी पडलो होतो. जरा डोळा लागत होता आणि बाहेरून कोणीतरी सारखं एका बाईच्या नावानं हाका मारत होतं. मी वैतागून बाहेर गेलो.

"इस नाम की यहाँ कोई नहीं रहती," मी भाजीवालीला म्हणालो. "आगे जाओ."

ती गोंधळली. "माजी ने ही तो बताया था, बाबूजी."

मागे आई पिशवी घेऊन उभी होती. मी तिला म्हणालो, "हिला काय भलतंच नाव सांगितलंस?"

"भलतं कुठलं? माझंच सांगितलं," आई म्हणाली. "तिनं विचारलं म्हणून."

म्हणजे मला त्याच वेळी कळलं होतं. न कळल्याचं निमित्तही मला नाही. मी हसलो, "आता या वयात कशाला हे?" असं काहीतरी बोललो आणि आत जाऊन झोपलो. त्यानंतर आई सहा वर्षं होती. सहा वर्षं रोज रात्री एका टेबलावर जेवत होतो आम्ही.

त्या दुपारी ते नाव मी चार-पाचदा तरी ऐकलं असेल. आता आठवायला गेलो की गाडीवरचे लांब पांढरे मुळे दिसतात, आईच्या हातातली हिरवी पिशवी दिसते. नाव काही केल्या येत नाही.

हे सगळं ऐकून सून म्हणाली, "मग तिलाच विचारू ना, चला."

भाजीवाली गल्लीत यायची बंद होऊन कितीतरी वर्षं झाली होती. कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याकडून कळलं, आता मुलाजवळ शहराच्या दुसऱ्या टोकाला, झोटवाड्यात असते. सुनेला घेऊन मी ऑटोनं गेलो. विचारत विचारत एका वेल्डिंगच्या दुकानामागची खोली सापडली. म्हातारी दारात खाटेवर बसली होती. डोळ्यांनी फारसं दिसत नव्हतं. मी कुणाचा मुलगा ते सांगितलं तर तिनं माझा हात दोन्ही हातांत धरला.

आईचं तिला सगळं आठवत होतं. आई शेंगा एकेक मोडून बघायची. उन्हाळ्यात आधी पाणी द्यायची आणि मगच भाजीला हात लावायची. हिच्या मुलीच्या लग्नात आईनं स्वतःची एक साडी दिली होती, हे मला नव्यानंच कळलं.

"और नाम, अम्मा?" सुनेनं विचारलं. "आप उन्हें नाम से बुलाती थीं ना?"

म्हातारी बराच वेळ ओठ हलवत राहिली. मग माझ्या दिशेनं तोंड वळवून म्हणाली, "बाबूजी, आपने ही तो कहा था कि इस नाम की यहाँ कोई नहीं। फिर मैं माजी ही कहने लगी। अब कहाँ याद है।"

तिच्या बोलण्यात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

थोड्या वेळानं ती आपणहून म्हणाली, "कहती थीं, तू आवाज़ देती है तो लगता है माँ बुला रही है।"

  घरी आल्यावर मी सुनेला म्हणालो, "'अज्ञात' लिहून टाक."

"नको, बाबा," ती म्हणाली. "ज्यांचं नाव सापडत नाही त्या सगळ्यांना लोक असंच लिहितात. मग शोधताना शेकडो अज्ञात एका ठिकाणी येतात, कोण कुणाची ते कळतच नाही. नाव रिकामं ठेवू आणि खाली टीप लिहू. तुम्ही सांगा, मी टाइप करते."

मी सांगत गेलो. माहेर जळगावकडचं. चौथीपर्यंत शाळा. तिची आई ज्या नावानं हाक मारायची, ते पुढे फक्त जयपूरच्या एका भाजीवालीनं घेतलं, आणि ते मुलानं बंद केलं. शेवटचं वाक्य टाइप करताना सून थांबली. "हे पण लिहायचं?"

"लिही," मी म्हणालो.

बायको इतका वेळ ऐकत होती. तिनं मटारांची परात बाजूला केली आणि सुनेला म्हणाली, "आता माझा चौकोन उघड." मग तिनं स्वतःचं माहेरचं नाव सांगितलं, सावकाश, अक्षर अक्षर सुटं करून. ते नाव मी लग्नपत्रिकेत वाचलं होतं. त्यानंतर एकदाही तोंडातून काढलं नव्हतं.

"हे वर लिही," ती म्हणाली. "यांनी ठेवलेलं खाली."

सुनेनं तसं केलं. मग ती स्क्रीनवर पुन्हा वर सरकली, माझ्या आईच्या आईच्या चौकोनाकडे, आणि माझ्याकडे बघू लागली. त्या आजीला मी लहानपणी दोनदा पाहिलं होतं. टिपेत लिहिण्यासारखंही माझ्याकडे काही नव्हतं.